'क्विक्सॉटिक' म्हणजे नुसता 'अव्यवहारी' नव्हे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतराचं काम करते. काही शब्द हातासरशी उतरतात, काही दिवसभर मागे लागतात. 'क्विक्सॉटिक' हा दुसऱ्या जातीचा. कोशात त्याच्यापुढे 'अव्यवहारी' असं लिहिलेलं सापडतं आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात होते. विद्यार्थी, नवे भाषांतरकार आणि इंग्रजी पेपर वाचणारी मंडळी या शब्दाबद्दल जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

थोडक्यात सांगा, अर्थ काय?

हेतू उदात्त, पण भोवतालच्या जगाचा अंदाज साफ चुकलेला, आणि तरीही माणूस कंबर कसून कामाला लागलेला. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच इंग्रजीत 'क्विक्सॉटिक' म्हणतात. नुसता हेतू चांगला असेल तर शब्द वेगळा. नुसता अंदाज चुकला असेल तर ती निव्वळ चूक. आणि घरी आरामखुर्चीत बसून मनचे मांडे खाणाऱ्याला तर हा शब्द मुळीच लागू होत नाही. 'क्विक्सॉटिक' माणूस घोड्यावर बसलेला असतो.

उच्चार नक्की कसा? 'क्विक्झॉटिक', 'किहोटिक', की आणखी काही?

क्विक्सॉटिक. जोर 'सॉ'वर द्यायचा. 'झ' नाही, स्वच्छ 'स'.

गोंधळ होतो, कारण हा शब्द 'डॉन किहोते' या स्पॅनिश कादंबरीच्या नायकाच्या नावावरून आला आणि त्या नावाचा उच्चार वेगळा आहे. स्पॅनिशमध्ये ते नाव 'किहोते', आणि त्यातला 'ह' घशातून, जवळजवळ 'ख'सारखा काढतात. आज स्पॅनिशमध्ये ते नाव 'जे' हे अक्षर घालून लिहितात. पण पुस्तक आलं तेव्हा तिथे 'एक्स' होता आणि त्याचा उच्चार 'श'च्या जवळचा होता. फ्रेंचमध्ये हे नाव 'किशोत' आणि इटालियनमध्ये 'किशोत्ते' असं आजही उच्चारतात, त्यात तो जुना 'श' टिकून राहिला आहे. स्पेनमध्ये पुढे त्या 'श'चा घशातला 'ह' झाला आणि १८१५ साली स्पॅनिश अकादमीनं शुद्धलेखनाचे नियम बदलून अशा ठिकाणी 'एक्स'च्या जागी 'जे' आणला. इंग्रजांनी मात्र जुनं स्पेलिंग ठेवलं आणि ते आपल्या पद्धतीनं वाचलं. म्हणून नाव उच्चारताना 'किहोते' किंवा 'किहोटी' म्हणणारा इंग्रज विशेषणाला 'क्विक्सॉटिक' म्हणतो. ही विसंगती सगळ्यांनी मान्य केलेली आहे. कुणी तुम्हाला 'किहोटिक' म्हणायला सांगितलं, तर ऐकू नका.

शब्द आला कुठून?

मिगेल दे सेर्व्हांतेस या स्पॅनिश लेखकाच्या 'डॉन किहोते' या कादंबरीतून. पहिला भाग १६०५ साली माद्रिदमध्ये प्रसिद्ध झाला, दुसरा १६१५ साली. पहिल्या भागाचं इंग्रजी भाषांतर १६१२मध्येच झालं होतं, त्यामुळे हा नायक इंग्रजांना फार लवकर ओळखीचा झाला आणि पुढे त्याच्या नावाचं विशेषण बनलं.

गोष्ट अशी. मध्य स्पेनमधल्या ला मांचा या रुक्ष, सपाट मुलखात पन्नाशीला टेकलेला एक साधा जमीनदार राहतो. घरात एक भाची, एक घरकाम सांभाळणारी बाई. त्याला शूर सरदारांच्या अद्भुत कथा वाचायचं वेड आहे. पुस्तकांसाठी तो शेतजमीन विकतो, रात्र रात्र वाचतो आणि शेवटी त्याचं डोकं फिरतं. सरदारांचा काळ सरून गेला आहे हे त्याला उमगतच नाही. अन्याय दूर करायला, अनाथ-अबलांचं रक्षण करायला आपण निघालंच पाहिजे असं तो ठरवतो. पणजोबांचं गंजलेलं चिलखत घासूनपुसून काढतो. मरतुकड्या घोड्याला साजेसं नाव शोधण्यात चार दिवस घालवतो आणि 'रोसिनान्ते' असं ठेवतो. मग स्वतःचं नाव ठरवायला आणखी आठ दिवस. 'किहोते' हा स्पॅनिशमध्ये मांडीवर बांधायच्या चिलखताच्या तुकड्याला असलेला शब्द आहे. माणसाचं नाव चिलखताच्या तुकड्यावरून, आणि त्या नावावरून इंग्रजी विशेषण!

लेखकाबद्दल एवढंच सांगते, की शौर्याची स्वप्नं त्यानं पुस्तकातून घेतली नव्हती. १५७१च्या लेपांतोच्या आरमारी लढाईत तो जखमी झाला आणि त्याचा डावा हात कायमचा निकामी झाला. १५७५ साली चाच्यांनी त्याला पकडून अल्जिअर्सला नेलं आणि खंडणी भरून सुटका व्हायला १५८० उजाडलं. त्याच्या लेखणीतून उतरलेला हा वेडा सरदार हास्यास्पद असूनही क्षुद्र वाटत नाही, याचं कारण मला या आयुष्यात दिसतं.

त्यातला 'डॉन' म्हणजे मुंबईतला 'डॉन' का?

मूळ एकच. लॅटिनमधल्या 'धनी' या अर्थाच्या शब्दापासून स्पॅनिश 'दोन' आला, तो प्रतिष्ठितांच्या नावामागे लावतात. आपल्याकडे 'श्रीमंत' किंवा 'राजेश्री' लावत, तसा. गुंडांच्या टोळीचा 'डॉन' त्याच घराण्यातल्या इटालियन शब्दातून आला. आपल्या नायकाला ही पदवी लावायचा हक्कच नव्हता. त्यानं ती स्वतःच लावून घेतली आणि त्याबद्दल गावातले लोक कुरकुर करतात, असं दुसऱ्या भागात त्याचा सोबती सांचो त्याला येऊन सांगतो.

'टिल्टिंग ॲट विंडमिल्स' आणि 'क्विक्सॉटिक' एकच का?

सख्खी भावंडं आहेत, पण एक नाहीत.

आधी 'टिल्ट' बघू. इथे या शब्दाचा कलण्याशी-वाकण्याशी संबंध नाही. दोन सरदार घोडे भरधाव सोडून भाले रोखून एकमेकांवर चाल करायचे, त्या खेळाचं हे नाव. 'पवनचक्क्यांकडे झुकणे' असं भाषांतर मी छापील मजकुरात पाहिलं आहे. ते चूक आहे. 'पवनचक्क्यांवर भाला रोखून धावणे' हा खरा अर्थ.

आणि आता पवनचक्की. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या उंच, सडपातळ, तीन पात्यांच्या पवनचक्क्या येतात. त्यांना कुणी राक्षस समजेल हे पटत नाही आणि प्रसंग पोकळ वाटतो. ला मांचामधल्या पवनचक्क्या वेगळ्या होत्या. त्या पीठ दळायच्या गिरण्या. जाडजूड, गोल, पांढऱ्या बुरुजासारख्या, वर टोपीसारखं निमुळतं छप्पर आणि चार लांबलचक लाकडी हात, त्यांवर कापड ताणलेलं. काम्पो दे क्रिप्ताना आणि कोन्सुएग्रा या गावांच्या टेकड्यांवर अशा चक्क्या आजही जपून ठेवल्या आहेत. संध्याकाळच्या उतरत्या उजेडात टेकडीवर ओळीनं उभे ते धिप्पाड आकार डोळ्यांपुढे आणा, म्हणजे किहोतेचा गैरसमज तेवढा अशक्य वाटत नाही.

आठव्या प्रकरणात अशा तीस-चाळीस चक्क्या त्याला दिसतात. बरोबरचा सांचो पान्सा, त्याच्याच गावचा शेतकरी, कळवळून सांगतो, की महाराज, ते राक्षस नव्हेत, आणि तुम्हाला हात वाटतात ती पाती आहेत, वाऱ्यानं फिरून जातं फिरवतात. किहोते ऐकत नाही. भाला पात्यात घुसतो, वारा सुटतो, भाल्याचे तुकडे होतात आणि घोडा-स्वार दोघेही माळावर गडगडत जातात. सांचो गाढवावरून धावत येतो. त्यावर किहोतेचं उत्तर असं, की हे राक्षसच होते, आपल्या वैरी मांत्रिकानं ऐनवेळी त्यांच्या चक्क्या करून टाकल्या.

म्हणून फरक असा, की 'टिल्टिंग ॲट विंडमिल्स' म्हणजे नसलेल्या शत्रूशी लढणं. 'क्विक्सॉटिक' प्रयत्नात शत्रू खरा असू शकतो. चूक असते ती आपण काय करू शकतो या अंदाजात.

म्हणजे ही एका वेड्याची गंमतच ना? 'क्विक्सॉटिक' म्हटलं की हसायचंच असतं का?

चक्क्यांचा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो, म्हणून असं वाटतं. मी विद्यार्थ्यांना चौथ्या प्रकरणातला प्रसंग आधी सांगते.

रानातून रडण्याचा आवाज येतो. किहोते जाऊन पाहतो तर पंधराएक वर्षांचा आंद्रेस नावाचा गुराखी पोरगा ओकच्या झाडाला बांधलेला, कमरेपर्यंत उघडा, आणि त्याचा धनी त्याला पट्ट्यानं फोडून काढतोय. धनी म्हणतो, हा रोज एक मेंढी हरवतो. पोरगा म्हणतो, पगार मागितला म्हणून मारतोय. नऊ महिन्यांची मजुरी थकलेली, महिना सात रेआल. किहोते भाला रोखतो, पोराला सोडायला लावतो, मजुरीचा हिशेब करतो. धनी म्हणतो, पैसे आता जवळ नाहीत, घरी चल, देतो. पोरगा घाबरतो, 'एकटा सापडलो तर हा माझं कातडं सोलेल' म्हणतो. किहोतेला हे पटत नाही. यानं शब्द दिलाय ना, मग पुरे. आणि एक अन्याय दूर केल्याच्या समाधानात तो निघून जातो.

तो नजरेआड होताच धनी पोराला पुन्हा झाडाला बांधतो आणि अर्धमेला होईस्तोवर मारतो.

सत्तावीस प्रकरणांनंतर तो पोरगा पुन्हा भेटतो. सगळ्यांसमोर काय झालं ते सांगतो आणि निघताना किहोतेला बजावतो, की यापुढे मला कुणी चिरून तुकडे करताना दिसलं तरी देवाशपथ मदतीला येऊ नका.

या शब्दात जे आहे ते सगळं या एका प्रसंगात आहे. धन्याला जाब विचारणारा त्या रानात दुसरा कुणी नव्हता. जाब विचारणं बरोबरच होतं. आणि त्याच जाबानं पोराची पाठ दुसऱ्यांदा सोलली गेली. इथे हसू येत नाही. म्हणून कुणाच्या कामाला 'क्विक्सॉटिक' म्हटलेलं वाचलं, तर लेखक त्याची टर उडवतोय असं लगेच धरू नका.

मराठीत याला नेमका शब्द कोणता?

एकच एक शब्द नाही. हे मी हार मानून म्हणत नाही, बऱ्याच वर्षांच्या अनुभवावरून म्हणते.

एकदा एका निवृत्त शिक्षकांवरचा इंग्रजी मृत्युलेख माझ्याकडे भाषांतराला आला होता. कोकणातल्या गावात हे गृहस्थ सायकलच्या कॅरिअरवर पत्र्याची ट्रंक बांधून वाड्या-वाड्यांवर पुस्तकं घेऊन जायचे. कुणी मागितलेली नव्हती. बऱ्याचदा ट्रंक जशी नेली तशीच परत यायची. लेखात त्या उपक्रमाला 'क्विक्सॉटिक' म्हटलं होतं. मी लिहिलं, 'त्यांचं अव्यवहारी फिरतं वाचनालय'. मजकूर घरच्यांना दाखवायला पाठवला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "ताई, बाबा अव्यवहारी नव्हते हो. ट्रंकेत शेवटपर्यंत एक वही होती. कुठलं पुस्तक कुणाच्या घरी, किती दिवस, सगळं तारखेनिशी लिहिलेलं. वाचणारे वाढतील एवढीच त्यांची समजूत होती."

ती वही डोळ्यांसमोर आली आणि माझा शब्द गळून पडला. 'अव्यवहारी' म्हटलं की मराठीत पैशाचं भान नसलेला, व्यवहार न कळणारा, थोडा गबाळा माणूस दिसतो. त्या वहीत व्यवहार काटेकोर होता. जगाबद्दलची आशा तेवढी जास्त होती. शेवटी आम्ही 'भाबड्या जिद्दीनं चालवलेलं फिरतं वाचनालय' असं छापलं. आजही मला त्याहून चांगलं सुचलेलं नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक वेळी शब्द तोलून पाहते. 'ध्येयवेडा' खूप जवळ येतो, पण मराठीत ती शुद्ध स्तुती झाली आहे. सत्कारात, गौरवग्रंथात वापरून त्यातला 'वेडा' कुणाला ऐकूच येत नाही. 'स्वप्नाळू' माणूस कृती करेलच असं नाही. 'खुळा' आणि 'खुळचट' यांत आदर नाही. 'छांदिष्ट' स्वतःच्या नादात असतो, त्याला जगाचं भलं करायचं नसतं. 'शेखचिल्ली' तर अगदी उलटा, कारण त्याची सगळी मनोराज्यं स्वतःच्या श्रीमंतीची. 'हवेतले इमले' हे बेताबद्दल बोलतं, माणसाबद्दल नाही.

वाक्प्रचारांत मला दोन आवडतात. 'घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं' यात निःस्वार्थीपणाही आहे आणि पदरी काही न पडणंही, फक्त भव्यतेचा भास नाही. 'फाटलेल्या आभाळाला ठिगळ लावायला निघणं' यात ती भव्यताही आहे. एखाद्या कार्यकर्त्याबद्दल इंग्रजी लेखक मायेनं 'क्विक्सॉटिक' म्हणत असेल, तर हा दुसरा वाक्प्रचार फार छान बसतो.

आणि जिथे हे काहीच बसत नाही तिथे दोन शब्द जोडा: 'उदात्त पण निष्फळ', 'भाबडं धाडस', 'वेडी जिद्द'. विशेषणाला विशेषणच दिलं पाहिजे असा कायदा नाही. कधी सरळ वाक्य करावं: 'जमणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं, त्यांना सोडून.'

'पवनचक्क्यांशी लढाई' असं मराठीत थेट लिहिलं तर चालेल का?

वाचक कोण आहे त्यावर. साहित्याच्या अंकात चालेल. दैनिकाच्या बातमीत लिहिलंत, तर निम्म्या वाचकांना वीजप्रकल्पाविरुद्धचं आंदोलन वाटेल. 'सावलीशी कुस्ती' म्हणा, लगेच कळेल.

इम्प्रॅक्टिकल, आयडिअलिस्टिक, युटोपियन: यांच्यापासून हा वेगळा कसा?

'इम्प्रॅक्टिकल' कोरडा शब्द आहे. पावसाळ्यात पांढरे बूट इम्प्रॅक्टिकल असतात. त्यात हेतूचा प्रश्नच येत नाही. तिथे 'गैरसोयीचं' किंवा 'अव्यवहार्य' लिहून मोकळं व्हावं. जाता जाता, 'अव्यवहारी' माणसाला म्हणावं आणि 'अव्यवहार्य' योजनेला. ही गल्लत सर्रास होते.

'आयडिअलिस्टिक' म्हणजे आदर्शवादी. आदर्शवादी माणूस वास्तव नीट ओळखूनही आदर्श धरून राहू शकतो. 'युटोपियन' हा शब्द टॉमस मोर यांच्या १५१६च्या पुस्तकातून आला. ग्रीक मुळांवरून त्याचा अर्थ 'कुठेच नसलेली जागा'. तो समाजाच्या आराखड्याला लावतात, एकट्या माणसाच्या मोहिमेला नाही.

मग 'व्हिजनरी' (द्रष्टा) आणि 'क्विक्सॉटिक' यांत फरक फक्त यश मिळण्या-न मिळण्याचा आहे का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो आणि माझं उत्तर 'नाही' असं आहे.

दादासाहेब फाळके घ्या. १९११मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहून त्यांनी ठरवलं, की आपण इथे चित्रपट काढायचा. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडन गाठलं. पुढे पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले. भोवतालच्यांना हे वेड वाटलं तर त्यात नवल नाही. पण फाळके लंडनला जाऊन तंत्र शिकले, कॅमेरा निवडून आणला आणि परतल्यावर एका कुंडीत वाटाणा पेरून त्याचं रोप उगवताना महिनाभराहून अधिक काळ थोडं थोडं चित्रित केलं. पडद्यावर ते रोप पाहता पाहता वाढायचं. ती फिल्म त्यांनी भांडवल देऊ शकणाऱ्यांना दाखवली. पैसे उभे राहिले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

वाटाण्याच्या त्या कुंडीपाशी दोन्ही शब्द वेगळे होतात. फाळक्यांनी आधी छोट्या गोष्टीवर जग तपासून पाहिलं. चित्रपट पडला असता, तरी मी त्यांना 'क्विक्सॉटिक' म्हटलं नसतं. उलट, किहोतेची एखादी लढाई नशिबानं जिंकली गेली, तरी तो 'व्हिजनरी' होत नाही, कारण सांचोनं ओरडून सांगितलेलं त्यानं ऐकलंच नाही.

वाक्यात कसा वापरू? कुठे चुकतं?

इंग्रजीत हा शब्द बहुधा मोहीम, शोध, प्रयत्न, उमेदवारी अशा नामांच्या आधी येतो. निवडून येण्याची सुतराम शक्यता नसताना तत्त्वासाठी उभं राहणाऱ्या उमेदवाराच्या बातमीत तो हमखास दिसतो. तिथे 'डिपॉझिट जाणार हे ठाऊक असूनही' असं मराठीत लिहिलंत तर अर्थ थोडा हलतो, कारण त्याला ते ठाऊक असतं. किहोतेला नसतं. इंग्रजी वार्ताहर हा फरक नेहमी पाळत नाहीत, तुम्ही संदर्भ पाहून ठरवा.

पैसे कमवायच्या फसलेल्या धंद्याला हा शब्द लावू नका. आळसाला लावू नका. आणि शोकपत्रात, शिफारसपत्रात वापरायचाच असेल तर आधी दोनदा विचार करा.

वरिष्ठांनी माझ्या प्रस्तावाला 'अ बिट क्विक्सॉटिक' म्हटलं. वाईट वाटून घेऊ का?

नको. त्यांना तुमचा हेतू पटला आहे, आकडे पटलेले नाहीत. नुसतं वाईटच म्हणायचं असतं तर 'इम्प्रॅक्टिकल' म्हणाले असते. खर्च आणि वेळ यांचा हिशेब पुन्हा मांडून तोच प्रस्ताव परत न्या, जमलं तर सोबत काहीतरी छोटं करून दाखवा.

शब्द मुळातून समजून घ्यायला पुस्तकातलं काय वाचू? सगळं फार मोठं आहे.

पहिल्या भागातलं पहिलं, चौथं, आठवं आणि एकतिसावं प्रकरण. मग थेट दुसऱ्या भागाचं शेवटचं.

संस्कृत येणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. १९३०च्या दशकात जगद्धर झाडू आणि नित्यानंद शास्त्री या दोन काश्मिरी पंडितांनी एका अमेरिकन संग्राहकाच्या विनंतीवरून या कादंबरीची आठ प्रकरणं इंग्रजीवरून संस्कृतात आणली. हस्तलिखित हार्वर्डमध्ये पडून होतं. ते २०१९ साली पुण्यातून ग्रंथरूपात प्रसिद्ध झालं.

शेवटचं प्रकरण मात्र कुठल्याही भाषेत वाचा, पण वाचाच. तापानं अंथरुणाला खिळलेला किहोते शुद्धीवर येतो, आपलं खरं नाव आलोन्सो किहानो असं सांगतो आणि झालं ते सगळं वेड होतं म्हणतो. आता तो पूर्ण शहाणा आहे. आणि ज्यानं आयुष्यभर 'महाराज, त्या चक्क्या आहेत' म्हणून त्याला अडवलं, तोच सांचो खाटेशी रडत म्हणतो, असं मरू नका, उठा, ठरल्याप्रमाणे मेंढपाळांचा वेश करून रानात जाऊ.